ब्राऊन बेल्ट, पट्टी पिवळी

काल सकाळी एका ६८ वर्षांच्या बाईनं माझं प्रमोशन अडवलं आणि ते अजून माझ्या डोक्यातनं जात नाहीये. ऑफिसातलं नव्हं, फिजिओथेरपीतलं. त्या रबरी पट्ट्या असतात बघा, पायात अडकवून ताणायच्या, पिवळी सगळ्यात मऊ, मग लाल, मग हिरवी, मग निळी. मी तीन आठवडे पिवळीवर आहे. कराटेत मी ब्राऊन बेल्ट, म्हणजे काळ्याच्या खालोखाल. नवशिक्यांचा पिवळा पट्टा नऊ वर्षांपूर्वी कपाटात टाकला होता, तो आता गुडघ्यामार्गे परत आलाय.

झालं काय ते थोडक्यात सांगतो. वय ४१, समोर १७ वर्षांचं पोरगं, मी राउंडहाऊस किक, म्हणजे बाजूनं गोल फिरवून मारायची लाथ, मारायला गेलो. अशा वेळी टेकलेला पाय चवड्यावर वळायला पाहिजे. माझा मॅटला चिकटला, कंबर गेली पुढं, गुडघा राहिला मागं, आणि 'टक्'. पोरगं 'सॉरी सर, सॉरी सर' करत होतं, त्यानं मला बोटपण लावलं नव्हतं. एमआरआयमध्ये आतल्या बाजूचं लिगामेंट ग्रेड २ फाटलेलं निघालं. ऑपरेशन नको, ब्रेस लावा आणि व्यायाम करा. झालं.

खरी दुखापत पुढं आहे. शेजारच्या टेबलावर मावशी होत्या. कागलकडच्या, नऊवारी, डावा गुडघा नवाकोरा बसवलेला, सोबत सून. पहिल्याच दिवशी माझा ब्रेस बघून विचारल्या,

"काय रं लेका, गाडीवरनं पडलास?"

"नाही मावशी, कराटेत लागलं."

"म्हंजे ते हाडहूड करत्यात ते?"

"हो, तेच."

"मग कुणी मारलं तुला?"

"कुणी नाही. मीच लाथ मारत होतो."

"त्याला लई लागलं?"

"नाही... चुकली ती."

मावशी जरा वेळ छताकडं बघत बसल्या. मग सुनेकडं वळून, अख्ख्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात, "आगं, ह्यानं लाथ मारली, त्या पोराला लागलीच न्हाई, आन् पाय ह्याचाच मोडला!" सुनेनं ओढणी तोंडात कोंबली. पलीकडं मानेला ट्रॅक्शन लावलेला एक माणूस हसायला लागला आणि मग त्याचीच मान दुखली, हे एक बरं झालं.

तिथनं पुढं मी 'पैलवान'. आणि कोल्हापुरात हा शब्द जपून वापरतात बरं का. शाहू महाराजांनी खासबाग मैदान बांधलेलं हे गाव, इथं दर दुसऱ्या माणसाचा चुलता कुठल्या ना कुठल्या तालमीत होता, त्यामुळं गुडघा ह्या विषयात सगळे आपोआप तज्ज्ञ. रंकाळ्यावर लंगडत एक चक्कर मारली तर एरंडाचं पान, वस्तादांचं तेल, पायाचं सूप आणि 'एमआरआय कशाला केलासा, पैसे गेले' एवढं फुकट मिळालं. एकजण तर म्हणाला, खाशाबा जाधवांनी १९५२ ला हेलसिंकीतनं पदक आणलं ते काय फिजिओकडं जाऊन? आता खाशाबांचाही गुडघा पुढं दुखावला होता हे त्याला सांगावं म्हटलं, पण तोवर त्यानं माझ्या गुडघ्यावर थाप मारली होती आणि मी बोलायच्या अवस्थेत नव्हतो.

तर मावशी. मला व्यायाम दिला होता पाय सरळ उचलून दहा सेकंद धरायचा, असं दहा वेळा. ऐकायला पोरखेळ वाटतं. पण गुडघा सुजला की मेंदू मांडीच्या पुढच्या स्नायूचं कनेक्शनच कापतो, गुडघा वाचवायला म्हणून. मी मांडीकडं बघून 'आवळ, आवळ' म्हणत होतो आणि मांडी जेवणाच्या सुट्टीतल्या कारकुनासारखी माझ्याकडं बघत होती. दोन आठवड्यांत टेपनं मोजून दोन सेंटीमीटर बारीक झाली. फिजिओ मॅडम दुसऱ्या पेशंटकडं गेल्या की मी दहा सेकंदांचे चार करायचो, कोण बघतंय. मावशी बघत होत्या.

"मी मोजतो. उचल. एक... दोन..." (आमच्याकडच्या बायका 'मी मोजतो'च म्हणतात, पुण्याच्यांनी दचकू नये.) सातवर आल्यावर म्हणाल्या, "सात. आमच्या म्हशीचा असाच पाय गेल्ता बग. सात. डॉक्टर म्हणला विकून टाका. सात. मालक न्हाई म्हणलं, आन् डाग दिला." मी म्हटलं, मावशी, सात झाले. "टेकवलास मगाशी. परत सात. तुलापण डाग द्या म्हणावं."

मग मॅडम प्लॅस्टिकचा कोनमापक घेऊन गुडघा किती वाकतो ते मोजायच्या. मावशी १०५. मी ९५. मावशींचा गुडघा कारखान्यात तयार झालेला आहे, माझा आईनं दिलेला, ही तुलनाच मुळात चुकीची आहे, पण "पैलवान, कितीला आला?" हा प्रश्न रोज यायचाच.

पण राग खरा मावशींवर नाहीये. अकरा वर्षं क्लासची फी भरली मी. वॉर्मअप म्हणजे हॉलला पाच चकरा, वाकून पायाची बोटं धरा, मग बदकचाल, की लगेच किका. तालमीत पोरं आखाड्यात उतरायच्या आधी बैठका मारून मारून मांड्या बनवतात, रोज लाल माती खोऱ्यानं उकरतात, त्या मातीत पाय सरकतो तरी. आमच्याकडं फरशीवर जोडलेले फोमचे तुकडे, घामानं चिकट झालेले. मांडीच्या मागचा स्नायू गुडघ्याला सांभाळतो, एका पायावर बसून उठता आलं पाहिजे, हे अकरा वर्षांत एकदा तरी कुणी सांगायचं की नाही? 'दुखतंय म्हणजे लागू पडतंय' एवढं मात्र दर रविवारी. आणि आता त्याच सरांचा मेसेज, 'परीक्षा जवळ आली, फी भरून ठेवा.' मॅडम म्हणतात, दुखरा पाय चांगल्या पायाच्या निदान ९० टक्के ताकदीला आला, एका पायावर उड्या जमल्या की मगच किका. सर म्हणतात, ब्रेस लावून काता (एकट्यानं करायच्या ठरलेल्या हालचाली) करा की. फिजिओची फी विम्यात बसत नाही, हा आणखी वेगळा विषय, तो काढला की बायको उठून आत जाते.

तर काल. मॅडम म्हणाल्या, "आज लाल पट्टी देऊया का तुम्हाला?" मी हात पुढं केलासुद्धा. शेजारनं आवाज आला, "नगा देऊ. कंबर उचलतोय त्यो. मी तीन दिस बगतोय." मॅडमनी माझ्या कंबरेखाली हात ठेवून पाय ताणायला लावला. कंबर उचलली जात होती. पट्टी पिवळीच राहिली. आणि तेवढ्यात मावशींना हिरवी मिळाली, त्यांनी ती दोन्ही हातांनी ताणून, साडीचा पोत बघावा तशी उजेडात धरून बघितली.

मी बाहेर येऊन रिसेप्शनवरच्या पोरीला सांगितलं, माझी सकाळची वेळ बदल, दुपारी चारची दे. तिनं वही बघितली. "चालतंय की सर, चारला मावशीपण असतात. सुनेला सकाळी जमंना झालंय, त्यांनी आजच वेळ बदलून घेतली."