बापूंना आउटपुट हवंय

शाळांमधल्या बिथरलेल्या मुलांसाठी सरकारी पैशानं आर्ट थेरपी, म्हणजे चित्रांच्या आधारानं मनावरचे उपचार, सुरू करायचं चाललंय अशी बातमी आली, तेव्हाच ठाऊक होतं, संध्याकाळी कट्ट्यावर बापू सुटणार. तसे ते सुटलेच.

“पोरं शाळा सोडतायत, वर्गात डोकी फोडतायत, आणि ह्यांचा उपाय काय? चित्रं काढा! आर्ट थेरपी म्हणे! करदात्याच्या पैशानं रंगरंगोटी!”

बापू म्हणजे निवृत्त लेखापरीक्षक. निवृत्त फक्त नोकरीतून. जगातल्या कुठल्याही गोष्टीवर त्यांचा प्रश्न एकच, तोही बोट वर करून: “आउटपुट काय?”

ताई शाळांमध्ये समुपदेशनाचं काम करते. कट्ट्यावर क्वचित येते, पण आली की बापू जरा सावरून बसतात. “बापू,” ती म्हणाली, “तुम्ही इतकी वर्षं पाठीसाठी फिजिओकडे जाताय. तिथलं आउटपुट काय?”

“मला वाकता येतं.”

“कुणापुढे? आम्ही तर कधी पाहिलं नाही.”

हशा. बापूंनी तेवढ्यात मोबाईल काढला. त्यांनी अभ्यास करून ठेवला होता, हे मान्य करायला हवं. “हे बघ. ड्रेक्सेल विद्यापीठ, 2016. 45 मिनिटं चित्रं काढायला लावली आणि साधारण 75 टक्के लोकांचं कॉर्टिसॉल, ते ताणाचं संप्रेरक, उतरलं. लोक किती? 39! अगं, 39 माणसं तर लिफ्टबाहेर रांगेत असतात.”

“शिवाय ती मोठी माणसं होती, शाळेतली मुलं नव्हेत,” ताई शांतपणे म्हणाली. “आणि काहींचं वाढलंही होतं. एवढ्या जोरावर कुणी शाळांसाठी पैसे मागत असेल तर देऊ नका.”

बापूंची पंचाईत झाली. समोरचा भांडायचाच नाही म्हटल्यावर मुद्दा ठेवायचा कुठे?

ती पोकळी रम्यानं भरली. रम्या उत्साहाचा कारखाना आहे, माल कुठला निघेल ते त्यालाही माहीत नसतं. “आपण काय करू, शाळांच्या भिंती रंगवू! मग मुलांच्या चित्रांचं मोठं प्रदर्शन! देणगीदार बोलवू, फोटो काढू, पैसाच पैसा!”

“एखाद्या मुलानं चित्रात बापाचा पट्टा काढला असेल,” ताई म्हणाली. “तो फ्रेम करून त्याच्यासमोर तू रिबीन कापणार?”

रम्या गप्प. ही घटना वर्षातून एखाद्या वेळी घडते.

“ते चित्र त्या मुलाचं असतं,” तिनं पुढे सांगितलं. “त्याच्या नावाच्या फायलीत, कुलपात. त्याला फाडायचं असेल तर फाडेल. भेदरलेलं पोर तुमच्या डोळ्याला डोळा देऊन बोलत नाही. पण टेबलावर कागद असला की दोघं त्या कागदाकडे बघून बोलू शकता. खरी गंमत एवढीच आहे.”

आता मास्तर दुखावले. जन्मभर चित्रकला शिकवली त्यांनी. “मग आम्ही काय करत होतो? त्यासाठी वेगळा माणूस कशाला?”

“मास्तर, तुम्ही माझ्या हत्तीला दहापैकी तीन दिले होते,” रम्या म्हणाला. तीस वर्षांची जखम अजून ओली आहे.

“तो हत्ती नव्हता, सोंड आलेला सोफा होता.”

“बघा, इथेच फरक आहे,” ताई हसत म्हणाली. “तुमच्या तासाला हत्ती हत्तीसारखा दिसायला हवा. आमच्याकडे सोफा चालतो. पण कोणाच्या हातात काय द्यायचं ते कळायला शिकावं लागतं. पेन्सिल ताब्यात राहते, ओला रंग पसरतो. आधीच उसळणाऱ्या पोराला पहिल्याच दिवशी रंगाची बादली दिलीत तर खोली आणि पोर दोन्ही आवरायला लागतील. ब्रिटनमध्ये नोंदणी नसताना स्वतःला आर्ट थेरपिस्ट म्हणवणं हा गुन्हा आहे, ते उगाच नाही.”

“परदेशी फॅड,” बापू पुटपुटले.

“फॅड 1942 पासून चालू आहे. एड्रियन हिल नावाचा चित्रकार क्षयानं सॅनेटोरियममध्ये पडला होता, त्यानं आर्ट थेरपी हे नाव दिलं. आणि 1950 च्या दशकात न्यूयॉर्कमधल्या ज्या पोरांवर सगळ्यांनी पाणी सोडलं होतं, त्यांच्याबरोबर विल्टविकच्या शाळेत एडिथ क्रेमर ही चित्रकार वर्षानुवर्षं बसली. वर्षानुवर्षं, बापू! आपल्याकडचे कार्यक्रम सहा महिन्यांचे. पैसे जातात रंगपेट्या, बॅनर आणि टी-शर्टांत. माणूस कंत्राटी. ज्या मुलाला प्रत्येक मोठ्या माणसानं सोडलंय ते जेमतेम तोंड उघडतं, तोवर अनुदान संपतं आणि ही बाईपण जाते. त्यापेक्षा सुरूच करू नका. आणि मग तुम्ही विचारणार, पुरावा कुठाय!”

मला विचाराल तर चर्चा इथेच संपली होती. पण रम्यानं कुठेतरी वाचलेलं निघालं: मुलानं काळा रंग वापरला की समजायचं, मनात अंधार आहे.

“एका शाळेत असाच गोंधळ झाला होता,” ताई म्हणाली. “पोरानं घर काळं, झाड काळं, सूर्य काळा काढला. शिक्षक घाबरले, पालकांना बोलावणं, मला फोन. मी जाऊन त्यालाच विचारलं. म्हणाला, बाकीचे खडू पुढच्या बाकावरच्यांनी घेतले.”

मास्तर इतके हसले की त्यांना ठसका लागला.

बापूंनी शेवटी तोडगा काढला. “तीन वर्षांचे पैसे द्या, एकच माणूस ठेवा. पण ऑडिट हवं.”

“करा की. त्या खोलीत येऊन बसा. पण नुसतं बसता येत नाही, कागद तुमच्यापुढेही येणार.”

“मी काय काढणार?”

“ताळेबंद,” रम्या म्हणाला.

“तो जुळला तर थेरपी लागू पडली समजा,” मास्तर म्हणाले. “मागच्या सहलीचा अजून जुळायचाय.”

झालं. बापू कट्ट्यावरून उठून उभे राहिले आणि सहलीला कोणी वर्गणी बुडवली ते नावानिशी सांगू लागले. पहिलं नाव रम्याचं होतं.