४१ मतं आणि मॉरिस कॉलेज टी-पॉइंट

परवा सकाळी नागपुरात सदरच्या नेहमीच्या ठेल्यावर तर्री पोहे खाऊन राहिलो होतो, तर आमच्या ग्रुपमधला एक जण एकदम तापला. म्हणे यंदा हिवाळी अधिवेशनावर मोर्चा असा काढू की विधानसभेले वेगळ्या विदर्भाचा ठराव करावाच लागन. मी म्हटलं, समज झाला ठराव, मंग? तो म्हणे, मंग काय, झालं ना राज्य! प्लेट खाली ठेवली मी राजेहो. इतकी वर्षं विदर्भ विदर्भ करणाऱ्या माणसाला माहीत नाही की राज्य करायचा अधिकार सिव्हिल लाइन्सच्या त्या विधानभवनात नाहीच, तो दिल्लीला संसदेत आहे. म्हणून लिहूनच टाकतो, लांब होईल, चहा घेऊन बसा.

घटनेचं कलम ३. नवं राज्य करणं, असलेलं तोडणं, दोन जोडणं, सीमा सरकवणं, नाव बदलणं, सगळं संसद साध्या कायद्याने करू शकते. विधेयकाला आधी राष्ट्रपतींची शिफारस लागते आणि ते त्या राज्याच्या विधिमंडळाकडे मत मागायला जाते, मुदत घालून. मत बरं का, मंजुरी नाही. राज्य नाही म्हणालं तरी चालते, उत्तरच दिलं नाही तरी चालते. तेलंगणाचं आठवा, ३० जानेवारी २०१४ ला आंध्रच्या विधानसभेने विधेयक नाकारलं आणि १८ फेब्रुवारीला लोकसभेने ते पास केलं, टीव्हीवरचं थेट प्रक्षेपण बंद, आणि पाचच दिवस आधी सभागृहात एका खासदाराने मिरपूड स्प्रे मारलेला. २ जूनला राज्य सुरूही झालं. याच्या उलट उत्तर प्रदेश. तिथल्या विधानसभेने २०११ मध्ये स्वतःहून ठराव केला की आमचे चार भाग करा, आणि राज्य आजही एकच आहे. तर ठरावाची किंमत ही एवढी.

साधं बहुमत म्हणजे किती, ते मी त्याला पेपरच्या तुकड्यावर मांडून दाखवलं. हजर राहून मत देतात त्यातल्या निम्म्याहून जास्त. गणपूर्ती, म्हणजे कमीत कमी हजेरी, एक दशांश. लोकसभा ५४३ ची, म्हणजे ५५ हजर असले की कामकाज चालते, त्यातल्या २८ जणांनी हो म्हटलं की झालं. राज्यसभा २४५ ची, २५ हजर, १३ हो. बेरीज ४१. कागदावर एकेचाळीस माणसं देशातलं कोणतंही राज्य कापू शकतात. एवढ्या कमी लोकांत कोणी असं करणार नाही हे मलाही कळते, पण घटना वाचताना कागदावरचाच हिशोब पाहावा लागते, बाकी मंग नेत्यांच्या शहाणपणावर भरवसा. ठेलेवाला ऐकूनच राहिला होता, म्हणे "इतके तं इथं नऊ वाजेपर्यंत येऊन जातात भाऊ."

आता हेच घटनादुरुस्तीच्या शेजारी ठेवून पाहा. कलम ३६८ मध्ये हजर सदस्यांचे दोन तृतीयांश, शिवाय एकूण सदस्यांच्या निम्म्याहून जास्त पाहिजेत, म्हणजे लोकसभेत काही जागा रिकाम्या असल्या तरी किमान २७२. काही विषयांत त्यावर निम्म्या राज्यांची मंजुरी. जीएसटीसाठी २०१६ मध्ये ती घ्यावीच लागली. म्हणजे टॅक्स बदलायचा तर राज्यांना विचारा, अख्खं राज्य मिटवायचं तर फक्त कळवा! कलम ४ मध्ये साफ लिहिलं आहे की असा कायदा घटनादुरुस्ती समजायचा नाही. मला ही घटनेतली सगळ्यात अजब जागा वाटते.

आणि दुसऱ्या बाजूने हीच संसद किती बांधलेली आहे पाहा. आपला मोर्चा यशवंत स्टेडियमवरून निघतो आणि मॉरिस कॉलेज टी-पॉइंटवर पोलीस अडवतात, त्या मॉरिस कॉलेजात हिदायतुल्ला शिकले, पुढे देशाचे सरन्यायाधीश झाले. १९६७ च्या गोलकनाथ खटल्यात सहा विरुद्ध पाच असा निकाल लागला की मूलभूत हक्क संसदेला कमी करताच येत नाहीत, त्या सहांत ते होते. १९७३ मध्ये केशवानंद भारती, १३ न्यायाधीश, सात विरुद्ध सहा, म्हणे घटनेतलं काहीही बदला पण तिच्या मूळ चौकटीला हात लावू नका. त्या आधी १९६० मध्ये बेरुबारीचा वांधा झाला. बंगालचा तो लहानसा भाग पाकिस्तानला देण्याचं ठरलं, तर सुप्रीम कोर्ट म्हणे कलम ३ ने देशाबाहेर जमीन देता येणार नाही, घटनादुरुस्ती करा. मंग नववी दुरुस्ती झाली. देशातल्या देशात काहीही कापा, बाहेर एक गाव द्यायचं तर दोन तृतीयांश आणा.

आपल्या घरचं उदाहरण तर कोणाला आठवतच नाही. आपण १९५६ पर्यंत मध्य प्रदेशात, नागपूर तिथली राजधानी. राज्य पुनर्रचनेसाठी नेमलेल्या फजल अली आयोगाने १९५५ मध्ये विदर्भ वेगळं राज्य करा असं सांगितलं होतं. पुढच्या वर्षी विधेयक आलं ते महाराष्ट्र, गुजरात आणि मुंबई असे तीन भाग करणारं, आणि संसदेत बदलून झालं एकच द्विभाषिक मुंबई राज्य. यावर एक माणूस कोर्टात गेला, बाबूलाल पराते विरुद्ध मुंबई राज्य, पराते आडनाव वाचूनच घरचं वाटते. त्याचं म्हणणं साधं होतं, विधानसभेला विचारलं एक आणि केलं भलतंच, परत विचारायला पाहिजे होतं. १९५९ मध्ये सुप्रीम कोर्टाने निकाल दिला की नाही, संसदेने विधेयकात सुधारणा केली म्हणून परत विचारायची गरज नाही. तोच निकाल आजही दाखला म्हणून काढतात.

आता माझं मत. विदर्भवादी म्हणून मला कलम ३ सोयीचं आहे, लपवत नाही. महाराष्ट्राच्या विधानसभेची मंजुरी लागली असती तर विषयच संपला असता, २८८ मध्ये आपले आमदार ६२. घटना समितीत के. टी. शहांनी प्रस्ताव राज्याकडूनच आला पाहिजे अशी सूचना मांडली होती, ती पडली, आणि आपल्या दृष्टीने बरंच झालं म्हणायचं. पण लडाख पाहिल्यापासून झोप उडाली आहे माझी. २०१९ मध्ये जम्मू-काश्मीर राज्यातून लडाख काढून केंद्रशासित केला, तेव्हा तिथली विधानसभा बरखास्त होती म्हणून तिचं मतही संसदेनेच दिलं, आणि डिसेंबर २०२३ मध्ये कोर्टाने लडाख केंद्रशासित करणं वैध ठरवलं. म्हणजे उद्या आपण राज्य मागायला जाऊ आणि नायब राज्यपाल घेऊन येऊ, हे कायद्यात बसते! तेव्हा पूर्ण विधानसभेची नको, पण जो भाग वेगळा होणार त्या भागातल्या आमदारांची बहुमताने मंजुरी तरी बंधनकारक पाहिजे. आपले ६२, त्यातले ३२ हो म्हणाले तरच पुढे. तसं झालं तर टी-पॉइंटवर बसण्याला काही अर्थ येईल.

हे सगळं ऐकून आमचा गडी म्हणे, मंग मोर्चा न्यायचा कुठं? म्हटलं विदर्भाचे दहा खासदार आहेत, सगळे दर निवडणुकीत मत मागायला आपल्याच दारी येतात, कलम ३ वर त्यांच्याकडून एक ओळ लेखी घेऊन दाखव. तो म्हणे तू आधी विदर्भवादी आहेस का ते सांग, आणि निघून गेला. पोह्याचे पैसे दोघांचे मीच दिले.