बर्फात ठेवूनही मिल्ट मेलं कसं? एका प्रतिक्रियेला उत्तर

दादा, तुमचं म्हणणं थोडक्यात असं: ४ अंशांवर मिल्ट (नर माशाचं वीर्य) टिकतं ही पुस्तकी गोष्ट आहे. येलदरी धरणाच्या बाजूला तुम्ही सायप्रिनसच्या (कॉमन कार्प माशाच्या) नरांचं मिल्ट सकाळी काढलं, सलाइन मिसळून बाटलीत गच्च भरलं, बर्फात खोचलं, दुपारी वापरलं आणि दुसऱ्या दिवशी बहुतेक अंडी पांढरी पडली, म्हणजे मेली. वर विचारलंय की गाई-म्हशींसारखं लिक्विड नायट्रोजन सोडून हे फ्रिजचं खूळ कशाला?

मराठवाड्यातलं ऊन आणि भारनियमन यावर खापर फोडणं सोपं आहे. पण तुम्ही लिहिलेल्यात मला जास्त खटकला तो 'गच्च' हा शब्द. मिल्टमधले शुक्राणू हलत नसले तरी श्वास घेतात. बाटली तोंडापर्यंत भरून बूच लावलं की आतला ऑक्सिजन संपतो, आणि थंडीने ते फक्त लांबतं. तेच मिल्ट, समजा ५० मिली, १२ सेंमी व्यासाच्या सपाट तळाच्या डब्यात ओतलं तर थर साडेचार मिमीच्या आसपास बसतो. एवढाच थर ठेवा, वर मोकळी हवा हवी. झाकण सैल ठेवा, नाहीतर कोरड्या हवेत कडा सुकतात. तासा-दोन तासांनी डबा हलक्या हाताने फिरवा.

बर्फाचंही बघा. बर्फ शून्य अंशावर असेल तर मिल्ट गोठत नाही, कारण ते शून्याच्या अर्धा-एक अंश खाली गोठतं. पण फ्रीजरमधून नुकताच काढलेला बर्फ त्याच्याही बराच खाली असतो; त्याला टेकलेल्या काचेजवळ पेशी फुटतात. थर्माकोलच्या पेटीत खाली बर्फ, मध्ये दुमडलेलं पोतं, वर डबा. वितळलेलं पाणी डब्यात जाऊ देऊ नका, एक चमचाही नको.

पाण्याला एवढं का भ्यायचं? नराच्या अंगातलं मिल्ट ३०० मिलीऑस्मोलच्या (द्रावण किती दाट ते मोजायचं माप) आसपास असतं, तिथे शुक्राणू गप्प पडून असतात. त्याहून फिकं काही लागलं की पळायला सुटतात, आणि मिनिटभरात त्यांची ताकद संपते. एकदा पळालेला शुक्राणू पुन्हा कामाचा नाही.

आणि फिकं पाणी नराच्या पोटातच असतं: लघवी. पोट दाबलं की दोन्ही एकाच वाटेने येतात. म्हणून आधी गुदद्वाराच्या जरा पुढे हलकं दाबून लघवी काढून टाका, कोरड्या फडक्याने पोट आणि पर पुसा, मिल्टचे पहिले तीन-चार थेंब फेका, मग बिनसुईच्या कोरड्या सिरिंजमध्ये ओढा. प्रत्येक नराची सिरिंज वेगळी. पिवळसर किंवा पाणचट दिसलं तर ते बाकीच्यात मिसळू नका, एकाने सगळं नासतं.

हे ओळखायला मायक्रोस्कोप लागतो, त्याशिवाय हे काम अंधारात आहे. आधी पाणी न घालता थेंब बघा: सगळं निश्चल हवं. वळवळ दिसली तर लघवी गेली, फेकून द्या. मग काचेवर पाण्याचा थेंब, त्यात सुईच्या टोकावर बसेल एवढंच मिल्ट, आणि दहा सेकंदांच्या आत नजर लावा. १०० पैकी ८० पळत नसतील ते मिल्ट मी साठवायला घेणार नाही.

तुमची सलाइनची बाटली कोणती होती, ते लिहिलं नाही. मिसळायचीच असेल तर हवी ती ०.९ टक्क्यांची एनएस, म्हणजे नॉर्मल सलाइन. ०.४५ टक्क्यांची अर्ध्या ताकदीची घेतली असेल तर बाटलीतच शुक्राणू पळून संपले. डीएनएस (साखर घातलेली सलाइन) उलट फार दाट, जवळजवळ दुप्पट, शिवाय साखरेवर जिवाणू माजतात.

दुसरा हिशेब अंड्यांचा. एक किलो अंड्यांना निव्वळ मिल्ट १० मिली पुरतं. एकास तीन सलाइन घातलं तर तेच ४० मिली होतं. साठवलेलं असेल तर दुप्पट धरा, ८० मिली. सायप्रिनसला आपण चिकटपणा घालवायला युरिया-मिठाचं द्रावण वापरतो, लिटरला युरिया ३ ग्रॅम, मीठ ४ ग्रॅम. पहिल्यांदा ते थोडंच ओतलं, त्यात हे ८० मिली सलाइनवालं मिल्ट, म्हणजे सगळं इतकं खारट राहतं की शुक्राणू पुऱ्या वेगाने पळत नाहीत. त्यामुळे त्याच दिवशी वापरायचं असेल तर सायप्रिनसचं मिल्ट सलाइन न घालता ठेवा, अँटिबायोटिकही नको. आधी कोरड्या अंड्यांत मिसळा, मगच द्रावण.

एक मुद्दा तुमचा रास्त. रोहू, कटला, मृगळ चायनीज हॅचरीच्या गोल टाकीत आपोआप अंडी सोडतात, तिथे साठवणीची भानगडच नाही. ती लागते चंदेरा (सिल्व्हर कार्प), गवत्या (ग्रास कार्प), सायप्रिनस यांची अंडी हाताने पोट दाबून काढताना. मादी कधी तयार होईल सांगता येत नाही आणि काढलेली अंडी थांबत नाहीत, म्हणून नराचं आधी काढून ठेवायचं.

लिक्विड नायट्रोजन उणे १९६ अंशांचं. त्यात टाकण्याआधी मिल्टमध्ये डीएमएसओ किंवा मिथेनॉल (गोठताना पेशी वाचवणारी रसायनं) ठरल्या प्रमाणात घालून, स्ट्रॉ (बारीक नळ्या) भरून, ठराविक वेगाने गार करावं लागतं. नाहीतर बर्फाचे स्फटिक पेशी फाडतात. वाण वर्षानुवर्षं जपायचं असेल तर ते ठीक. सकाळचं मिल्ट दुपारपर्यंत न्यायला थर्माकोलची पेटी, एक थर्मामीटर आणि उथळ डबा बास आहे.