एकल तबला झाकीर हुसेन यांच्यापासून सुरू होत नाही

उस्ताद झाकीर हुसेन यांचे १५ डिसेंबर २०२४ रोजी निधन झाल्यापासून एक मजकूर सर्वत्र फिरतो आहे. त्यांच्याआधी तबलजी केवळ ठेका धरत, एकल वादन त्यांनी सुरू केले आणि तबल्याला राजमान्यताही त्यांच्यामुळेच प्रथम लाभली, असे त्यात म्हटले आहे. भावना समजण्यासारखी असली तरी तिन्ही विधाने चुकीची आहेत.

एकल वादनाचा मुद्दा आधी घेऊ. सारंगी किंवा हार्मोनियमच्या लेहऱ्यावर (तालाचे आवर्तन दाखवत पुन्हा पुन्हा वाजणाऱ्या सुरावटीवर) पेशकार, कायदे, रेले, गती आणि चक्रदार या तबल्याच्या रचना मांडण्याची पद्धत झाकीरभाईंच्या जन्माआधीच (१९५१) पक्की झाली होती. दिल्ली घराण्याचा 'धा ति ट धा ति ट धा धा ति ट धा गे ति ना की ना' हा कायदा, म्हणजे विस्तारासाठी बांधलेली बोलांची रचना, पाहावा. त्याच्या खालीत, म्हणजे आवर्तनाच्या हलक्या भागात, 'ता ति ट ता ति ट ता ता ति ट' येताना डग्गा (डाव्या हाताने वाजणारा, घुमणारा भाग) बंद होतो आणि 'धा गे धि ना गी ना' म्हणत तो पुन्हा घुमू लागतो. या सोळा अक्षरांची उलटापालट करत पलटे (त्याच बोलांची नवी रूपे) बांधायचे आणि शेवटी तिहाईने, म्हणजे एकच तुकडा तीनदा वाजवून, समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) यायचे, हा पसारा नुसत्या ठेक्यासाठी कोणी उभारला नसता. मुंबईत मुनीर खाँसाहेबांकडे तालीम घेतलेले थोर तबलावादक अहमदजान थिरकवा यांचा पेशकार ध्वनिमुद्रणांत आजही ऐकता येतो. संदेश पुढे ढकलण्यापूर्वी तेवढा तरी ऐकायला हरकत नव्हती.

'केवळ ठेका' हे विधान तर मराठी माणसाने करूच नये. हेच थिरकवा गंधर्व नाटक मंडळीत बालगंधर्वांच्या साथीला होते आणि नाट्यपदांच्या त्या रंगतीत त्यांच्या तबल्याचा वाटा किती मोठा होता, हे जुन्या रसिकांनी वारंवार सांगितले आहे.

सन्मानाचे उत्तर सनावळीतच आहे. थिरकवांना पद्मभूषण १९७० मध्ये मिळाले. झाकीरभाईंना पद्मश्री १९८८ मध्ये.

साथीदाराला मुख्य कलाकाराच्या तुलनेत दुय्यम वागणूक मिळे, हे मात्र खरे आहे. ती बदलण्यात झाकीरभाईंचा वाटा मोठाच, पण परदेशी रंगमंचावर रविशंकरांच्या जोडीने तबल्याला हक्काची जागा मिळवून देणारे त्यांचे वडील अल्लारखाँ १९६७ साली अमेरिकेत माँटेरीच्या संगीत महोत्सवात वाजवत होते, तेव्हा झाकीरभाई सोळा वर्षांचे होते.