हलकेपणा नंतरचा

एका लेखात म्हटलंय की फायबरग्लासच्या (काचेचे तंतू आणि रेझिन मिळून बनलेल्या) शिडाच्या बोटी खपल्या त्या हलक्या म्हणून. सुरुवातीच्या बोटींबाबत हे पटत नाही. उलट त्या वेळी या नव्या मालावर कुणाचा फारसा भरवसा नव्हता, म्हणून थरावर थर चढवून कवच चांगलं जाडजूड करायचे. पिअर्सन ट्रायटन ही शिडाची बोटच बघा. आराखडा कार्ल अल्बर्गचा, लांबी २८ फूट, बांधणारे अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडचे क्लिंटन आणि एव्हरेट पिअर्सन हे चुलत भाऊ. १९५९ च्या न्यूयॉर्क बोट शोमध्ये ती मांडली आणि पुढे सातशेच्या वर बोटी बनल्या. खरी गंमत साच्यात होती: एकदा साचा झाला की तीच बोट पुन्हा पुन्हा काढता येते, लाकडी बोटीसारखं फळी फळी जुळवत बसावं लागत नाही. म्हणून मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली.

मी दोन वर्षं फायबरच्या कामावर होतो. मॅट म्हणजे काचेच्या तंतूंची चटई अंथरा, त्यावर रेझिन म्हणजे घट्ट होणारा चिकट द्रव ओता, रोलरने हवेचे बुडबुडे काढा, आणि रात्रभर हात खाजवत बसा!

ट्रायटनचं कवच आजही ठणठणीत सापडतं. कुजतो तो डेक, म्हणजे बोटीचा वरचा मजला, कारण त्याच्या पोटात बाल्सा नावाचं हलकं लाकूड आहे आणि स्क्रूच्या भोकांतून पाणी मुरतं. म्हणजे दगा दिला शेवटी लाकडानेच.