अफझलखानाचं माप

डिसेंबरच्या अखेरीस खडे बाजारात नव्या वर्षाची कॅलेंडरं लटकायला लागली की मी दोनशे पानी वही आणते आणि पुढच्या वर्षभरात काय काय शिवायचं ते ठरवायला बसते. प्रत्यक्ष शिवणापेक्षा हे काम मला फार सुरेख जमतं. वहीत सुई मोडत नाही, ऐन टिपेत बॉबिन संपत नाही, डावी बाही उजवीकडे लागत नाही. वहीतल्या एकाही ब्लाउजला आजवर मुंढ्यात चुणी पडलेली नाही.

गेल्या डिसेंबरातल्या वहीचं पहिलं पान उद्दिष्टांचं होतं. जानेवारीत बैठकीचे पडदे, मार्चमध्ये स्वतःसाठी खणाचा ड्रेस, एप्रिलमध्ये उन्हाळ्याचे सुती कुर्ते, मे महिन्यात आईच्या जुन्या लुगड्यांची वाकळ, आणि असं करत करत डिसेंबरात ह्यांच्यासाठी कॉलरचा शर्ट. कॉलर मला येत नाही, म्हणून ती डिसेंबरात ठेवली. अकरा महिन्यांत माणूस काय वाटेल ते शिकतो. दुसऱ्या पानावर 'यंदा शिकायचं' असा मथळा, आणि खाली चोरखिसा, न दिसणारी चेन, प्रिन्सेस कट. तिसऱ्या पानावर नियम. नियम एकच, पण लाल पेननं लिहिलेला: घरातलं कापड संपल्याशिवाय नवं कापड घ्यायचं नाही.

ते बघून आमचे हे म्हणाले, "गेल्या वर्षी पण लाल पेनच होतं की."

पडदे आदल्या वहीतून आले होते, आणि त्या वहीत तिच्याही आदल्या वहीतून. खरं सांगायचं तर बेळगावात प्रलंबित गोष्टींना एक मान आहे. सीमाभागासाठी महाराष्ट्रानं सुप्रीम कोर्टात २००४ साली घातलेला दावा अजून तारखा बघतोय. एवढा धीर धरलेल्या गावात माझ्या पडद्यांची घाई कुणाला असणार? कापड मात्र आणून ठेवलं होतं. मरून रंगाचं, जाडजूड, जरीच्या वेलबुट्टीचं.

नियम पाळायचा तर आधी घरात कापड किती आहे ते कळायला हवं, म्हणून कपाट उघडलं. ३६ इंची पन्ह्याचं सुती, ४४ चं ड्रेसचं, ५८ चं पँटचं, आणि मग तुकडे. आमच्याकडे तुकडे का साठतात, त्याला कारण आहे. सासूबाई वारात सांगतात, दुकानदार मीटरमध्ये फाडतो आणि व्हिडिओतली बाई इंचात कापते. वाराचे ३६ इंच, मीटरचे ३९ आणि वर थोडे. ह्या तिघांच्या भांडणात जे उरतं ते माझ्या कपाटात येतं. सगळं मोजून झाल्यावर नियमाला पोटनियम जोडावे लागले. अस्तर हे कापड धरायचं नाही. सेलमधलं धरायचं नाही. आणि गुळेदगुड्डचा चांगला खण दिसला तर तो धरायचाच नाही, कारण तो परत दिसत नाही.

सगळ्यात खालच्या कप्प्यात ओटीचे ब्लाउजपीस होते. बायकांना वेगळं सांगायला नको, पुरुषांसाठी सांगते. हे कापड बहुधा ८० सेंटिमीटर असतं, अंगाला चिकटतं आणि हल्लीच्या कोपरापर्यंतच्या बाह्या त्यात बसत नाहीत. ते कुणी शिवत नाही. ते देतात. एका ओटीतून दुसऱ्या ओटीत जाताना त्याची घडीसुद्धा मोडत नाही. हा फेरा मी तोडायचं ठरवलं. एकदा वापरून टाकायच्या प्लॅस्टिकच्या काही वस्तूंवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे आणि सासूबाई अजून भाजीवाल्याशी त्यावरून वाद घालतात, तेव्हा सगळ्या ब्लाउजपिसांच्या पिशव्या शिवल्या आणि संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून वाटल्या. फार कौतुक झालं. रथसप्तमीच्या आत त्यातली एक पिशवी फिरत फिरत माझ्याकडेच आली. आत ब्लाउजपीस होता.

मग खणाच्या ड्रेसला हात घातला. खण मुळात चोळीसाठी विणलेला. पन्हा तोकडा, दोन्ही अंगांना काठ, मधे बारीक बुट्ट्या. चोळी बेतली की काठ बरोबर दंडावर येऊन बसतो, शिवणारीला फार डोकं लावावं लागत नाही. पण पायघोळ ड्रेस काढायचा म्हटलं की जोड आला, आणि जोडावर बुट्टी बुट्टीला भिडली नाही तर ते शंभर पावलांवरून दिसतं. त्यातून दुकानात खणाची त्रिकोणी घडी घालून ठेवतात. ती घडी इस्त्रीनं जात नाही, जन्मखुणेसारखी राहते. असल्या कापडाला थेट कात्री लावायची हिंमत नसते. म्हणून आधी कागदी कटिंग, आणि घरात कागद म्हणजे सासऱ्यांचा पेपर.

सासरे दुपारी जेवून पेपर वाचतात, मी सकाळी कापते.

"अगं, पुढची बातमी पान पाचवर म्हणतायत. पान पाच कुठं गेलं?"

"ते पाठीत आहे, मामा."

"आणि निधनवार्ता?"

"डाव्या बाहीवर."

ते बाही घेऊन खिडकीशी गेले. थोड्या वेळानं म्हणाले, गळा जरा मोठाच काढलायस, अग्रलेख अर्धा गेला.

हे सगळं शिंप्याकडे का देत नाही, असं मला विचारतात. आमच्या ओळखीचा शिंपी चार प्रकारे 'उद्या' म्हणू शकतो. कन्नडमध्ये 'नाळे बर्री', मराठीत 'उद्या या', हिंदीत 'कल पक्का', आणि चौथा प्रकार म्हणजे दुकानाचं शटर अर्धं ओढून आत बसणं. दिवाळीचा ब्लाउज त्यानं मला तुळशीच्या लग्नाला दिला, तोही हुकांशिवाय. त्यानंतर मी पायमशीन घेतलं. तेव्हा मला वाटलं होतं की ज्याच्या घरी मशीन त्याचे कपडे. गल्लीचं मत वेगळं होतं. गल्लीच्या मते मशीन ही सार्वजनिक सोय आहे. कुणाच्या पोराच्या युनिफॉर्मची पँट खाली सोडायची असते, कुणाच्या दप्तराची चेन गेलेली असते, कुणाला 'नुसती एक टीप' हवी असते. ही नुसती एक टीप घालायला आधी दोरा बदलावा लागतो, वरचा आणि बॉबिनचा दोन्ही. आलेल्या काकूला ते कळत नाही, कारण ती तेवढ्यात आमच्या सासूबाईंशी बोलत चहा पीत असते.

एप्रिलच्या मध्यावर मंडळाची पोरं दारात उभी राहिली.

बेळगावची शिवजयंती वैशाखात, तिथीनं होते, आणि मिरवणुकीतले चित्ररथ रात्रभर फिरतात. ट्रॉलीवर जिवंत देखावे असतात. गल्लीतलीच पोरं महाराज होतात, मावळे होतात, आणि चौकाचौकात तोच प्रसंग पुन्हा करतात. आमच्या मंडळानं प्रतापगड घेतला होता, १६५९ चा.

"काकू, तेवढे अंगरखे शिवून द्या की. सोपं असतंय."

"किती?"

"जास्त न्हाईत. मावळेच हाईत."

अंगरखा सोपा असतो हे खोटं नाही. काजं-बटण नाही, चेन नाही, कॉलर नाही. छातीवर एक पदर दुसऱ्यावर घ्यायचा आणि बंद बांधायचे. कळ्या नीट पडल्या की घेर आपोआप येतो. पण पोरांनी मांजरपाटाचा अख्खा तागा आणला होता, तोही खळीचा. खळीचं कापड पाण्यातून न काढता कापलं तर पहिल्या धुण्यात मावळ्याचा अंगरखा बेंबीवर येणार. मी तागा परत पाठवला आणि म्हटलं, भिजवून आणा. त्यांनी तो भिजवला आणि वाळवायला ह्या घराच्या गॅलरीतून समोरच्या घराच्या गॅलरीत, तिथून पुन्हा इकडे असा सगळ्या गल्लीवरून नेला. तो वाळेपर्यंत गल्लीतल्या स्कूटर डोकं वाकवून चालवाव्या लागल्या.

मावळे उरकले. महाराजांना अंगरख्याच्या आत चिलखत हवं, म्हणून छातीला चार इंच जास्त सोडले. चिलखत म्हणजे चंदेरी रंग मारलेलं गोणपाट. अडलं ते खानापाशी. मंडळात सगळ्यांत उंच जो पोरगा होता त्याला खान केलेलं. उंची बरोबर होती, पण रुंदीचं काय? टेप लावला तर छाती माझ्या धाकट्यापेक्षा जेमतेम मोठी. असा खान महाराजांना मिठी मारायला आला तर लोक महाराजांनाच दोष देतील.

उशी बांधून बघितली, ती चालताना खाली सरकत होती. शेवटी मे महिन्याच्या वाकळीसाठी ठेवलेली आईची लुगडी काढली. नऊ वार म्हणजे पोट भरायला चांगला माल. दोन लुगडी घट्ट गुंडाळल्यावर पोरगा खान दिसायला लागला. मग माप घेतलं. टेप ६० इंचांचा. पोटाला तो पुरला, पण खानानं श्वास रोखून धरला म्हणून. आता एवढ्या घेराचा, जमिनीपर्यंतचा, जरीकाठी झगा म्हणजे कापड किती लागणार, आणि मंडळाचं बजेट तर मांजरपाटात संपलेलं. सगळी पोरं माझ्याकडे बघायला लागली. मी कपाटाकडे बघितलं.

पडदे असे गेले.

झगा मात्र झकास झाला. इतका, की एक पोरगा म्हणाला, "काकू, ह्याचं पोट फाडायचंय न्हवं शेवटी?" हे कुणी आधी बोललंच नव्हतं. वाघनखं लागली की झगा पुढून फाटला पाहिजे, आणि पुढच्या चौकात पुन्हा धड दिसला पाहिजे. वेल्क्रो लावून बघितलं, तर त्याचा आवाज चपल काढल्यासारखा आला. शेवटी पोटावर उभा काप दिला आणि तो लांब धावदोऱ्यानं कच्चा शिवला, दोरा ओढला की सर्रकन उसवेल असा. शिवायला ट्रॉलीवर कुणी तरी हवं होतं. महाराजांच्या सिंहासनामागे, जनरेटरच्या शेजारी, सुई-दोरा घेऊन रात्रभर मी बसले होते. चौक आला की खान मरायचा, उसवलेल्या पोटातून आईच्या लुगड्याचा लाल पदर बाहेर यायचा, टाळ्या-शिट्ट्या पडायच्या. ट्रॉली हलली की खान मागे येऊन म्हणायचा, "काकू, लवकर घाला, पुढं रामदेव गल्ली आली." त्याचं पोट शिवताना गुदगुल्या होऊन तो हसायचा, आणि हसला की टाका वाकडा पडायचा. घरी आल्यावर 'यंदा शिकायचं' ह्या मथळ्याखाली मी स्वतःच्या हातानं 'खानाचं पोट' लिहून त्यापुढे बरोबरची खूण केली. त्या पानावरची ती एकमेव खूण.

जून आला आणि पाऊस लागला. बेळगावच्या पावसात धुतलेलं कापड वाळत नाही, न धुतलेलं कापायचं नाही, आणि मशीनची वादी सैल पडून चाक नुसतं फिरतं. सुती कुर्ते त्यात बुडाले. वाकळ मात्र झाली. लुगडी खानाच्या पोटावरून गुलाल पिऊन परत आली होती. सासूबाईंनी ती सोप्यात अंथरली आणि शेजारच्या दोन अक्कांना हाक मारली. तिघींनी कन्नड-मराठीत गल्लीतली सगळी लग्नं जुळवत आणि मोडत हातानं टाके घातले. मला दोरा ओवायचं काम दिलं होतं. वही कुणी उघडली नाही.

गणपतीत मखरामागे लावायला पडदा सापडेना. असणार कुठून? तेव्हा खानाचा झगा उलटा करून, बाह्या आत दुमडून टांगला. सासूबाईंना काही सांगितलं नाही. जरीची बुट्टी दिव्यात छान उठून दिसत होती. आरतीला मंडळाची पोरं आली. 'दर्शनमात्रे'ला पोचलो तेव्हा मागच्या रांगेतून हळूच आवाज आला, "अरे, खान!" आणि आरतीचा सूर जो गेला तो परत आलाच नाही.

खणाचा ड्रेस अजून पेपरात आहे. सासऱ्यांनी तोही वाचून संपवला. चोरखिसा, चेन, कॉलर ह्यांची नावं नव्या वहीत उतरवली आहेत, चांगल्या अक्षरात. पहिल्या पानावर पुन्हा बैठकीचे पडदे आलेत. परवा संध्याकाळी लाल पेनचं टोपण काढून नियम लिहायला बसले होते, तेवढ्यात दारात चपला वाजल्या.

"काकू, ह्या वर्षी आग्र्याहून सुटका घेतलीय, १६६६. तुम्हाला काय तरास न्हाई. पेटारे आम्ही करूलोय."

"मग मी काय करायचं?"

"दरबार तेवढा."

"दरबारात माणसं किती?"

"काकू, औरंगजेबाचा दरबार हाय न्हवं तो."

मी काही बोलायच्या आत आतल्या खोलीतून ह्यांचा आवाज आला, "पडद्यांचं कापड ह्या वेळी जरा भारीतलं घे. बादशहा आहे."