इंग्रजी व्याकरण शिकवायचंय? मुलांच्या हातात खेळाचे नियम द्या

मराठी माध्यमाच्या मुलांना इंग्रजी व्याकरण झेपत नाही, असं म्हणणाऱ्यांशी माझं भांडण आहे. जो मुलगा पायचीत कसा नव्हता हे तावातावाने पटवून देऊ शकतो, त्याच्या डोक्यात इंग्रजीतली सगळ्यात अवघड मानली जाणारी वाक्यरचना आधीपासून तयार असते. ती त्याला तिथे कुणी दाखवलेली नसते, एवढंच.

मी पुण्यात सहकारनगरमध्ये संध्याकाळी आठवी-नववीच्या मुलांना इंग्रजी शिकवते. बहुतेक मुलं मराठी शाळांतली. महाराष्ट्रात 2000 सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आहे, म्हणजे माझ्याकडे येईपर्यंत या मुलांनी सात-आठ वर्षं हा विषय शिकलेला असतो. काळांचे तक्ते तोंडपाठ असतात. अप्पा बळवंत चौकातून आणलेलं जाडजूड व्याकरणाचं पुस्तक दप्तरात असतं. तरीही 'अनलेस' वापरून एखादं वाक्य सांगा म्हटलं की वर्ग चिडीचूप. कारण पुस्तकातली वाक्यं कुणाचीच नसतात. राम आंबा खातो, रामाकडून आंबा खाल्ला जातो. आंबा कुणी खाल्ला याच्याशी मुलांना काही देणंघेणं नसतं. आउट की नॉट आउट यावर मात्र ती रात्री जेवताना सुद्धा वाद घालतात.

पायचीतचाच नियम घ्या. क्रिकेटचे एकूण 42 नियम, ते मेरिलबोन क्रिकेट क्लब ठरवतो, आणि पायचीतचा क्रमांक 36. टप्पा कुठे पडला, चेंडू पायाला कुठे लागला, फलंदाजाने खरोखर खेळायचा प्रयत्न केला का, अशा अटी एकामागून एक येतात. शेवटची अट अशी की, मध्ये पाय आला नसता तर चेंडू स्टंपवर गेला असता. नियमातले शब्द आहेत 'वुड हॅव हिट द विकेट'. घडलं नाही, पण घडलं असतं. व्याकरणाच्या पुस्तकात हे 'थर्ड कंडिशनल' म्हणून अगदी शेवटच्या धड्यांत येतं आणि निम्मे शिक्षक ते घाईघाईत उरकतात. मैदानावरची मुलं मात्र दर दोन षटकांनी "अरे, लागला असता!" म्हणून ओरडत असतात.

आता तर डीआरएस आहे, म्हणजे पंचाचा निर्णय व्हिडिओवरून तपासायची सोय. चेंडू पॅडवर आदळतो आणि त्यानंतरची वाट स्क्रीनवर रेखली जाते, जी चेंडूने कधी धरलीच नाही. मी मोबाइलवर व्हिडिओ नेमका तिथे थांबवते. "इफ द बॉल हॅड नॉट हिट द पॅड..." एवढंच म्हणते आणि पुढचं मुलांनी पुरं करायचं. वुड हॅव हिट, वुड हॅव मिस्ड, वुड हॅव गॉन ओव्हर द स्टंप्स. 'हॅड' कुठे आणि 'वुड हॅव' कुठे, याचा गोंधळ इथे फार कमी होतो, कारण पॅडला लागलं ते आधी आणि स्टंपचं ते नंतर, हे त्यांना डोळ्यांसमोर दिसत असतं. एकदा ते बसलं की मग अभ्यास केला असता तर पास झालो असतो, बस चुकली नसती तर वेळेवर आलो असतो, ही वाक्यं मुलं आपणहून करायला लागतात.

क्रियापदाचं तिसरं रूप हा असाच एक छळ. कॅच, कॉट, कॉट. घोकून घेतलं तरी परीक्षेत 'कॅच्ड' लिहून येतात. पण हीच मुलं 'कॉट बिहाइंड', 'कॉट अँड बोल्ड', 'स्टम्प्ड', 'रिटायर्ड हर्ट' रोज बोलतात. सगळा धावफलक कर्मणी प्रयोगात असतो. झेल कुणी घेतला, गोलंदाज कोण, दोन्हीकडे 'बाय' दडलेलं. मी एका सामन्याचा धावफलक फळ्यावर लिहिते आणि त्याची पूर्ण वाक्यं करायला सांगते: ही वॉज कॉट बाय अमुक, बोल्ड बाय तमुक. 'रन आउट'मधलं 'रन' हे सुद्धा तिसरंच रूप आहे म्हटल्यावर मागच्या बाकावरची मुलं पुढे सरकतात. एकदा एका मुलाने विचारलं, स्क्रीनवर 'इंडिया नीड 20 रन्स' असं का असतं, 'नीड्स' का नाही? ब्रिटिश धाटणीच्या इंग्रजीत संघाला अनेकवचनी धरतात, म्हणून. इतका बारीक प्रश्न मला धड्यावरून कधीच कुणी विचारलेला नाही.

'अ' आणि 'द' शिकवायला माझ्या मते कॅरमसारखं दुसरं काही नाही. मराठीत हा प्रकारच नसल्याने आपण 'द' कुठेही पेरतो किंवा गाळतो. बोर्डावर नऊ पांढऱ्या, नऊ काळ्या आणि एक राणी. राणी एकच, म्हणून ती नेहमी 'द क्वीन'. काळी कुठलीही घेतली तर 'अ ब्लॅक कॉइन', पण ती भोकाच्या तोंडाशी अडकली आणि सगळे तिच्याकडेच बघायला लागले की 'द ब्लॅक कॉइन'. खेळता खेळता दहा मिनिटांत हे कळतं. तोच नियम पुस्तकातून शिकवायचा तर अपवादांची यादीच मोठी होते.

'अनलेस'साठी क्रिकेटचा 31वा नियम आहे: फलंदाज नियमाने बाद असला तरी क्षेत्ररक्षकाने अपील केल्याशिवाय पंचाने त्याला बाद द्यायचं नाही. एकाच वाक्यात 'नायदर', 'इव्हन दो' आणि 'अनलेस'. 'मस्ट' आणि 'मे' हवे असतील तर बुद्धिबळ: आपल्या सोंगटीला खेळायच्या हेतूने हात लावला तर तीच चालवायची, आणि तिला कुठे जाताच येत नसेल तर दुसरी कुठलीही वैध चाल करता येते. 'मस्ट नॉट' आणि 'नीड नॉट' यांत आपली मोठी माणसंही घसरतात. खऱ्या क्रिकेटमध्ये चेंडू मारल्यावर पळायलाच हवं असं नाही, तिथे 'नीड नॉट'. गल्लीत 'बॅट लागली की पळायचं' असं ठरलं असेल तर 'मस्ट'. खो-खोमध्ये पाठलाग करणाऱ्याने एकदा दिशा धरली की खांबापर्यंत मागे फिरायचं नाही, तिथे 'मस्ट नॉट'. माझ्याकडे येणाऱ्या खो-खो खेळणाऱ्या मुलींना हा फरक समजावून सांगावा लागला नाही. त्यांनीच मला चार उदाहरणं दिली.

खो-खोचे नियम पहिल्यांदा कागदावर आले ते पुण्यात, 1914 साली, डेक्कन जिमखान्याच्या पुढाकाराने. हे मी मुलांना मुद्दाम सांगते. खेळ तोंडी चालत आलेला होता. तो वादाशिवाय सगळ्यांना सारखा खेळता यावा म्हणून कुणीतरी बसून एकेक वाक्य घडवलं. मग मी त्यांना तेच काम देते: तुमच्या सोसायटीच्या पार्किंगमधल्या क्रिकेटचे नियम इंग्रजीत लिहा. एक टप्पा एक हात. जो मारील तो आणील. पहिल्या मजल्याच्या बाल्कनीत गेला तर आउट. गाडीला लागला तर धाव नाही. लिहायला बसलं की खरी मजा येते. एका गटाने लिहिलं होतं, 'इफ द बॅटर हिट्स द बॉल टु द फील्डर अँड ही ड्रॉप्स इट, ही कॅन रन'. दुसऱ्या गटाने लगेच पकडलं, हा 'ही' कोण? पळायचं कुणी? सर्वनाम नेमकं कुणाबद्दल आहे, यावर मी तासभर बोलले असते तरी एवढं झालं नसतं.

एक गोष्ट मात्र मला अजिबात पटत नाही. खेळातून इंग्रजी म्हणजे सिली पॉइंट, गूगली, स्टेलमेट अशा शब्दांची यादी पाठ करून घेणं, असं काही ठिकाणी चालतं. मैदानाबाहेर त्यातले किती शब्द उपयोगी पडणार? मुलांना लागतात ते जोडणारे लहान शब्द: अनलेस, अन्टिल, प्रोव्हायडेड, आयदर, बिफोर. नियमांच्या भाषेत हे ठासून भरलेले असतात, आणि त्यातला एक जरी चुकला तरी निकाल फिरतो. त्यामुळे मुलं ते काळजीने वाचतात.

"ज्यांना खेळ आवडत नाहीत त्यांचं काय?" असं एका पालकांनी विचारलं. प्रश्न रास्त आहे. क्रिकेट सगळ्यांवर लादू नये. पण पत्ते, कॅरम, लुडो, मोबाइलवरचा एखादा खेळ, यातलं काहीच न खेळणारं मूल माझ्या तरी पाहण्यात नाही. खेळ मुलाने निवडायचा. आणि खेळ चालू असताना मध्येच व्याकरण काढायचं नाही. आधी डाव पुरा होऊ द्यायचा, मग वही.

पुण्यातल्या एका पिढीने आकाशवाणीवर बाळ ज. पंडितांचं मराठी समालोचन ऐकलं आहे. म्हणून मी मुलांना आधी मराठीतच समालोचन करायला लावते. षटक, धाव, झेल, यष्टिरक्षक हे शब्द जिभेवर खेळले की मग तोच चेंडू इंग्रजीत. मराठीत ज्याला नीट सांगता येतं, तो इंग्रजीत शब्दासाठी अडतो, विचारासाठी अडत नाही.

क्रिकेट, फुटबॉल, बुद्धिबळ यांचे अधिकृत नियम त्या त्या संस्थांच्या संकेतस्थळांवर फुकट वाचता येतात. शिक्षकांनी सुरुवात फुटबॉलच्या 11व्या नियमापासून केली तरी चालेल. त्याच्या सुरुवातीलाच म्हटलंय की नुसतं ऑफसाइड जागेवर, म्हणजे प्रतिस्पर्ध्यांच्या गोलकडे फार पुढे, असणं हा गुन्हा नाही. हे वाक्य फळ्यावर लिहा, "मग गुन्हा कधी होतो?" एवढंच विचारा, आणि उत्तर इंग्रजीतच द्यायचं असं सांगून पाच मिनिटं गप्प बसा.